फ्रिजमधली रोझी

करामा, दुबई
शुक्रवार, ११ जुलै

प्रिय स्टॅनली,

माझं अक्षर बघून लगेच चिडू नकोस. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलं आहेस, फोन उचलत नाहीस, तेव्हा हा जुना मार्ग. आपल्या गावचा सॅम उद्या सुट्टीवर वसईला निघतोय, त्याच्या हाती पाठवतोय. सोबत खजूर, दूध पावडरचे दोन डबे आणि तुझ्या गुडघ्यांसाठी मलम आहे. मलमाची एक्स्पायरी पुढच्या मार्चची आहे, मी बघून घेतली आहे.

मुद्द्याचं आधी लिहितो, नाहीतर मधेच माझा धीर सुटेल. पपांच्या सिनेमाचे सहा डबे माझ्याकडे आहेत हे तुला माहीत आहे. त्या डब्यांना आग लागू शकते. कोणी काडी लावली तर, असं नव्हे. आपोआप.

झालं असं की शेनॉनने टोरँटोहून मागे त्या डब्यांचा फोटो मागितला होता. "डॅड, जस्ट फॉर फन." तो तिने जुन्या सिनेमांच्या शौकिनांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला. मंगळवारी मला लिन नावाच्या एका बाईंची मेल आली. चीनच्या बाजूला जुने सिनेमे जपणारी एक संस्था आहे, तिथे त्या काम करतात. डब्यांवरची चिनी अक्षरं वाचून त्यांनी लिहिलं की सिनेमा १९३१ सालचा, मूकपट, शांघायमध्ये काढलेला आहे आणि जगात त्याची एकही प्रत उरली नाही असं सगळे धरून चालले होते. हे वाचून मला दोन मिनिटं फार बरं वाटलं. मग मी खालचा परिच्छेद वाचला.

त्या काळी फिल्म ज्या मालाची करायचे तो बंदुकीच्या दारूचा भाऊबंद निघाला. जुनी झाली की ती कुजते, कुजली की गरम होते आणि बंद डब्यात, उन्हाळ्यात, चाळीसेक अंशांवरसुद्धा पेट घेऊ शकते. एकदा पेटली की पाण्याने विझत नाही. पाण्याखालीही जळत राहते. हे वाक्य बाईंनी ठळक अक्षरात लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं, डबे सध्या कुठे आहेत?

स्टॅनली, डबे बाथरूमच्या वरच्या माळ्यावर होते. गीझरला चिकटून. पपा इथे येऊन गेले तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं.

पपांनी ते कसे आणले होते, आठवतंय ना? बॅगेत, लुंगीत गुंडाळून, बोंबलांच्या पिशवीखाली. विमानातून! आणि गावात आपल्या कंपाउंडमध्ये पांढरी चादर बांधून सिनेमा दाखवायचे, तेव्हा एका हाताने प्रोजेक्टरचं हँडल फिरवत असायचे आणि तोंडात विडी असायची. पन्नास माणसं चटयांवर बसलेली. पुढच्या रांगेत तू आणि मी.

डबे मी हडपले असं तू तिकडे सांगतोस. सांग बापडा. पण आता ये आणि घेऊन जा, किंवा काय करायचं ते तरी कळव. मला एकट्याला हे झेपत नाही.

पपांच्या मातीला मी का आलो नाही ते पुन्हा सांगत नाही. रजा मिळाली नव्हती. तुला ते पटत नसेल तर माझा इलाज नाही.

तुझा,
विली


करामा
रविवार, २० जुलै. फ्रिज ४ अंश.

प्रिय स्टॅनली,

गावी जाणारं सध्या कोणी नाही, तरी लिहून ठेवतोय. सॅम परत आला की तुझं उत्तर आणेलच.

वर तापमान लिहिलंय त्याला हसू नकोस. हॉटेलच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं मी दिवसातून तीनदा फ्रीझरचं तापमान वहीत उतरवतोय. एक दह्याचा डबा एक दिवस जास्त राहिला तर मी किचनवाल्यांच्या अंगावर जातो. आणि माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर, चौऱ्याण्णव वर्षांपूर्वीचा माल गीझरपाशी शिजत होता. स्टोअरकीपर म्हणे!

लिन बाई म्हणाल्या, थंड जागी ठेवा, झाकणं घट्ट लावू नका, हलवू नका. शिवाय त्यांनी लिहिलं की सर्वात योग्य म्हणजे तुमच्या तिथल्या अग्निशमनवाल्यांना कळवा, ते जाणकार असतात. त्यांच्या संस्थेला धोक्याचा माल नेण्याचे कागद करायला सहा-आठ आठवडे लागतील.

कळवणं मला जमणार नाही. डबे मी फ्रिजमध्ये ठेवले.

सुझी म्हणाली, "विली, हा बॉम्ब आहे की सिनेमा?"

मी म्हणालो, "दोन्ही."

"मग माझे बोंबील कुठे ठेवू?"

तुझी वहिनी कशालाच भीत नाही. तिच्या वाटची सगळी भीती देवाने मला दिली असावी.

का कळवता येत नाही ते सांगतो. आमच्या हॉलमध्ये आम्ही जिप्समची भिंत घालून एक खोली केली आहे. त्यात निनाद आणि ईश्वरी राहतात, पुण्याची माणसं, सोबत त्यांची सहा वर्षांची अस्मी. भाडं वाढल्यापासून करामात कितीतरी घरांनी असं केलंय, पण अशी भिंत घालायला परवानगी नाही. आगीचे लोक आले की आधी भिंत बघणार. मग घर जाईल, कदाचित नोकरीही. मला साठी गाठायला एक वर्ष आहे. ह्या वयात मला कोण नवीन व्हिसा देणार?

फ्रिज सामाईक आहे. ईश्वरीने परवा विचारलं, "अंकल, हे काय आणलंत हो? केवढे मोठे डबे!"

मी म्हणालो, "चर्चचं सामान आहे. पवित्र आहे. प्लीज हात लावू नका."

स्टॅनली, मी चर्चचं नाव घेऊन खोटं बोललो. तेव्हापासून ईश्वरी रोज सकाळी दूध काढताना त्या डब्यांना हात जोडते.

विली


करामा
रविवार, २७ जुलै. सकाळी ४ अंश, दुपारी ५.

स्टॅनली,

सॅम आला. खजूर तू ठेवून घेतलेस, पावडर ठेवून घेतलीस, मलमही ठेवून घेतलंस. पत्र परत पाठवलंस. न फोडता. सॅम बिचारा लाजून मला म्हणाला, "अंकल, मी खूप आग्रह केला." मी त्याला म्हणालो, असू दे, तो लहानपणापासून असाच आहे, जेवणावर राग काढत नाही.

वाईट वाटलं. फार वाटलं. पण लिहायचं थांबवत नाही, कारण आज लिहायचं आहे ते तुला माहीत असायलाच हवं.

लिन बाईंनी सिनेमाची खरी गोष्ट पाठवली आहे. त्यांच्याकडे त्या वेळची जाहिरातीची चोपडी आहे, त्यात सगळं छापलेलं आहे. आपली रोझी आठवते ना? घाटावर कंदील विकणारी. आणि पास्कू, शिक्षकाचा मुलगा. ही नावं पपांनी ठेवलेली, त्यांना चिनी कुठे वाचता येत होतं! हाँगकाँगला कुठलंसं थिएटर बंद पडलं तेव्हा बोटीवर स्टुअर्ड असलेल्या पपांनी डबे उचलले आणि घरी येऊन चित्रं बघून गोष्ट जुळवली. पास्कूचा बाप लग्नाला नाही म्हणतो, पास्कू शहरात जातो, त्याची पत्रं बाप मधल्या मधे दाबून ठेवतो, रोझी आजारी पडते, खाटेवर डोळे मिटून पडते. सगळ्या बायका रडायला लागतात. आणि मग शेवटचा डबा. वाजंत्री, पालखी, लग्न! नवरीच्या चेहऱ्यावर लाल कापड, म्हणजे पपा सांगायचे लाल, पडद्यावर ते काळंच दिसायचं. पास्कू ते कापड उचलायला हात पुढे करतो आणि पपा तिथेच हँडल थांबवायचे. "झाली रोझी बरी! झालं लग्न! चला, आता घरी जा!" टाळ्या.

डब्यांवर पपांनी पांढऱ्या रंगाने एक ते सहा आकडे घातले आहेत. मी तो फोटो बाईंना पाठवला. त्यांनी कळवलं की तुमचा पाचवा डबा खरा सहावा आहे आणि सहावा खरा पाचवा.

कळलं का? लग्न आधी आहे. पास्कूचं लग्न होतं, पण दुसरीशीच. कापडाखाली रोझी नाही. आणि रोझी खाटेवर झोपलेली नाही, ती गेलेली आहे. सिनेमा तिथेच संपतो.

बाईंना वाटलं पपांची चूक झाली. चूक नाही, स्टॅनली. तू तेव्हा चार वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही; मी आठ वर्षांचा होतो. पहिल्यांदा पपांनी सिनेमा खऱ्या क्रमानेच दाखवला होता. आई खिडकीपाशी खाटेवर बसून बघत होती. तिचा दमा त्या वर्षी वाढला होता. रोझी मेली तशी आई रडायला लागली आणि रडता रडता तिला श्वास घेता येईना. पपा सिनेमा तसाच सोडून आत धावले. मी दारात उभा होतो. आईचे ओठ निळे पडले होते. त्यानंतरच्या खेपेला डब्यांवर नवे आकडे होते आणि रोझीचं लग्न झालं. पुढे आई गेली, पण सिनेमात लग्न होतच राहिलं.

मी हे कोणाला सांगितलं नाही, कारण पपांनी मला बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं. नंतर ती माझी सवयच झाली. कापड उचलायची वेळ आली की हँडल थांबवायचं. पपांनी ते आईसाठी केलं. मी आयुष्यभर ते स्वतःसाठी करत आलो.

विली


करामा
सोमवार, ४ ऑगस्ट. ५ अंश. बाहेर ४६.

स्टॅनली,

तिसऱ्या डब्याला वास येतोय.

आधी मला वाटलं बोंबील. मग आठवलं, बोंबील सुझीने केव्हाच शेजारच्या नर्मदाबाईंच्या फ्रीझरमध्ये हलवले आहेत. शनिवारी अस्मी फ्रिज उघडून उभी होती, म्हणाली, "अंकल, युअर चर्च थिंग स्मेल्स लाइक अ स्विमिंग पूल." मी हसलो. तिला चॉकलेट दिलं आणि फ्रिज बंद केला. मग बेडरूममध्ये जाऊन दार लावून बसलो.

लिन बाईंनी मेलमध्ये विचारलं, फिल्मवर चिकटपणा दिसतो का? डब्यात तपकिरी भुकटी दिसते का? भुकटी दिसली तर एक तासही थांबू नका, ताबडतोब आगीच्या लोकांना बोलवा.

घरात कोणी नसताना मी झाकण उचललं. फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटून काकवीसारखे झाले आहेत आणि कडेला भुकटी आहे. तपकिरी.

मी बाईंना लिहिलं, भुकटी नाही.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, सुझीलाही नाही. तुला सांगतोय, कारण तू पत्र फोडत नाहीस. तुझ्याशी खरं बोलायला आता भीती वाटत नाही, ही एक सोय झाली.

सुझीला मात्र वासावरून कळलं असावं. काल चर्चमधून मिस्सा आटोपून येताना ती म्हणाली, "विली, त्या पोरीची खाट भिंतीच्या पलीकडे आहे. फ्रिज भिंतीच्या अलीकडे. भिंत केवढी जाड आहे?"

मी म्हणालो, "बारा मिलिमीटर."

आज तिने स्वयंपाक केला, पण माझं ताट वाढलं नाही.

सगळे मार्ग मी मनात फिरवून बघितले. वाळवंटात नेऊन टाकावेत, तर गाडी उन्हात तापते. खाडीत बुडवावेत, तर पाण्यातही जळतात. कचऱ्याच्या पेटीत ठेवावेत, तर सकाळी कचरा उचलणारा माणूस त्यात हात घालणार. प्रत्येक मार्गाच्या टोकाला कोणीतरी जळालेला दिसतो. आणि ज्या मार्गाच्या टोकाला फक्त माझं घर जाणार आहे, तो मला सापडत असूनही सापडत नाही.

आणखी दोन दिवस बघतो.

विली


करामा
शनिवार, ९ ऑगस्ट. सकाळी ११.४०. ४ अंश.

वीज गेली.

इथे वीज जात नाही, स्टॅनली. तीस वर्षांत मी तीनदा पाहिलं असेल. वॉचमन म्हणतो खाली केबल जळाली, दोन तास लागतील, इन्शाल्ला. इन्शाल्ला म्हणाला म्हणजे संध्याकाळ.

१२.२५. फ्रिज ८ अंश. घरात ३४.

सुझी खाली गेली आहे, इमारतीतली सगळी सावलीत बसली आहेत. मी फ्रिजसमोर स्टूल टाकून बसलोय. निनाद, ईश्वरी आणि अस्मी भिंतीपलीकडे आहेत. शनिवार म्हणून सगळे घरी. त्यांनी खिडकी उघडून ठेवली आहे. अस्मीचं गाणं ऐकू येतंय.

१.१०. फ्रिज १२ अंश. घरात ३७.

ईश्वरी येऊन म्हणाली, "अंकल, दूध काढून घेऊ का? नासेल." मी म्हणालो, दार उघडू नका, गारवा जाईल. ती म्हणाली, "बरं. तुम्ही इथे का बसलाय पण? खाली जा ना, किती घाम आलाय तुम्हाला." आणि मला पाण्याची बाटली देऊन गेली.

आता हात लावून बघतो.

१.१५.

तिसरा डबा गरम आहे.

फ्रिज बारा अंश आहे आणि डबा माझ्या हातापेक्षा गरम आहे. बाकीचे पाच गार आहेत.


करामा
शनिवार, ९ ऑगस्ट, संध्याकाळ. 

स्टॅनली, आम्ही सगळे जिवंत आहोत. हे आधी वाच.

डब्यावरून हात काढला आणि मी भिंत बडवली. दार नव्हे, भिंतच. म्हणालो, "निनाद, पोरीला उचल आणि खाली जा. फ्रिजमध्ये चर्चचं सामान नाही. ती आग आहे. मी खोटं बोललो." अस्मी एका चपलेनिशी त्याच्या खांद्यावर होती आणि मागे वळून मला विचारत होती, "अंकल, आर यू नॉट कमिंग?"

मी आगीच्या नंबरावर फोन लावला. पत्ता दोनदा सांगितला. मग जिन्यात प्रत्येक दार ठोठावत उतरलो. शहनाझ नावाची एक म्हातारी दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, तिला मी आणि वॉचमनने खुर्चीसकट उतरवलं. रस्त्यावर उन्हात पन्नास-साठ माणसं उभी होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती.

ते लोक दहा मिनिटांच्या आत आले. त्यांचा अधिकारी इथलाच होता, पण हिंदी आपल्यापेक्षा चांगली बोलत होता. म्हणाला, "चाचा, अंदर कोई है?" मी नाही म्हणालो. "पक्का?" मी म्हणालो, पक्का. मग वरून धूर दिसला. काळा नाही, पिवळट तपकिरी. खिडकीतून गोळ्यासारखा बाहेर आला. मोठा आवाज वगैरे झाला नाही, नुसता एक लांब फूस असा आवाज झाला. खालच्या बायका किंचाळल्या. सुझीने माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे तिच्या नखांच्या खुणा आहेत.

तिसरा डबा गेला. फ्रिजही गेला. स्वयंपाकघराची भिंत काळी झाली आणि जिप्समच्या भिंतीला हाताएवढं भोक पडलं. भोकापलीकडे अस्मीची उशी होती. अधिकाऱ्याने मला वर नेऊन ती दाखवली आणि माझ्याकडे बघत राहिला.

फूस होण्याआधीच त्याच्या माणसांनी बाकीचे पाच डबे बाहेर काढून वाळूच्या पेटीत ठेवले होते. ते वाचले.

त्याने भिंतीवरून हात फिरवला. "ये दीवार किसने बनाई?"

मी म्हणालो, "मैंने."

"परमिशन?"

"नहीं है."

त्याने लिहून घेतलं. दहा दिवसांत भिंत काढायची आणि दंड भरायचा. पुढचं काय ते घरमालक ठरवेल. "खलास, चाचा. बैठ जाओ," तो म्हणाला. मग म्हणाला, "तीन हफ्ते पहले फोन करते, तो हम चाय पीके डब्बे ले जाते."

स्टॅनली, तीन आठवडे मी ज्या माणसाला घाबरत होतो, तो हा.

विली


करामा
मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय स्टॅनली,

निनादने अल कुसैसमध्ये खोली बघितली आहे, रविवारी ते जातील. निनाद माझ्याशी बोलत नाही, आणि बरोबरच आहे. ईश्वरी काल सामान भरताना थांबली आणि म्हणाली, "अंकल, मी रोज हात जोडत होते त्याला." एवढंच. ती ओरडली असती तर मला चाललं असतं.

आता माझं. कापड पूर्ण उचलतो.

पपा गेले तेव्हा रजा मिळाली नाही असं मी तुला सांगितलं. ह्याच पत्रांतल्या पहिल्या पत्रातही लिहिलंय. ते खोटं आहे. मी रजा मागितलीच नव्हती. तेव्हा हॉटेलात माणसं कमी करत होते, आणि मला वाटलं, आत्ता रजा मागितली तर यादीत माझंच नाव लागेल. मॅनेजरच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दुपारी तू फोन केलास, "दादा, शव किती वेळ ठेवू?" आणि मी स्टोअरमध्ये टोमॅटोचे क्रेट मोजत उभा राहून म्हणालो, "थांबू नको, रजा मिळत नाही." तू पपांना एकट्याने मातीत ठेवलंस. मॅनेजरला दोन दिवसांनी बाहेरून कळलं तेव्हा तो माझ्यावर चिडला. म्हणाला, मला सांगितलं असतंस तर मी तुला विमानतळावर सोडलं असतं.

बारा वर्षं मी हे सुझीपासूनसुद्धा लपवलं. काल तिला सांगितलं. तिने कपाटातून बॅग काढली.

ती उद्या सकाळच्या विमानाने वसईला येते आहे. सगळी पत्रं तिच्याकडे आहेत, तू परत पाठवलेलंसुद्धा. सुझीला परत पाठवणं तुला जमणार नाही. तिने ठरवलंय की तू सगळी वाचून होईपर्यंत तुझ्या ओट्यावरून उठायचं नाही. उगाच तिच्याशी हुज्जत घालू नकोस, आणि तिला जेवायला घाल.

आता शेवटचं आणि गरजेचं. अधिकाऱ्याने डब्यांचा फॉर्म भरताना विचारलं, "मालिक कौन?" मी फक्त माझं नाव सांगितलं असतं तर त्याच दिवशी सही करून पाचही डबे लिन बाईंच्या संस्थेला द्यायला मोकळा झालो असतो. पण पपा इथून परत निघाले तेव्हा विमानतळावर मला म्हणाले होते, "दोघांचे आहेत. स्टॅनलीला तूच सांग." ते मी तुला कधी सांगितलं नाही. म्हणून तू चोर म्हणालास ते काही अगदी चूक नव्हतं. फॉर्मवर मी दोन नावं लिहिली.

आता दोघांची संमती लागते. अग्निशमनच्या ऑफिसातून तुला फोन येईल. तू हो म्हणालास तर डबे संस्थेकडे जातील. पंधरा दिवसांत तू बोलला नाहीस तर ते नष्ट करतील. नियम आहे. मला त्याबद्दल तक्रार नाही.

रोझी जगात फक्त त्या पाच डब्यांत उरली आहे. कुठल्या क्रमाने दाखवायची ते आता ते लोक ठरवतील. ते खऱ्या क्रमानेच दाखवतील, आणि मला वाटतं, ते बरंच आहे.

तुझा नंबर मी त्यांना दिला आहे. नऊशे एकाहत्तरने सुरू होणारा, इकडचा अनोळखी नंबर दिसेल. तो त्या ऑफिसचा असेल. किंवा माझाही असेल, कारण मी आज नवीन सिम घेतलं आहे. कोणाचा आहे ते उचलल्याशिवाय तुला कळणार नाही.

मला फार भीती वाटतेय. तू उचल.

विली